माझ्या फोनवरून गेलेला नकार

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी मी सुरळीत वाचते. इंग्रजी अक्षरं एकेक करून लावते आणि शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते माझ्या कमी शिक्षणामुळे झालं असं माझे नातेवाईक म्हणतात. ते खरं नाही. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तरही असेच फसले होते. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, एवढंच. मला त्यांच्या बायकोने सांगितलं.

मी पेणला रामवाडीत राहते आणि पोह्याचे पापड करते. पूर्वी एकटी करायचे, आता बचत गटाच्या सात बाया आहेत. ईमेल माझ्याकडे आला तो या गटामुळे. गटाचा कुठलासा फॉर्म भरायचा होता, त्यात ईमेलचा रकाना होता, तेव्हा स्टँडजवळच्या फॉर्मवाल्या बाईने माझ्या फोनवर तो काढून दिला. पासवर्ड मी पापडाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. त्यानंतर वर्षभर त्याला कोणी हात लावला नाही.

मग गेल्या फाल्गुनात माझी मुलगी आली. ती रोह्याजवळ निडीला दिलेली आहे. अंगणात पापड घातले होते, ती कावळे हाकत बसली आणि एकदम म्हणाली,

"आये, तुझा मेल चालू हाय ना?"

"असंल. का गो?"

"मी रोह्याला हॉस्पिटलात अर्ज टाकलाय. पेशंट सांभाळायच्या जागेसाठी. तुझा नंबर न् तुझा मेल दिलाय."

"तुझा काय झाला?"

"माझा फोन कोन बघतो ते तुला ठाव नाय काय?"

मला ठाऊक होतं. जावई कंपनीत शिफ्टला जातो. दारू पीत नाही, हात उचलत नाही, पगार घरात देतो. लोक म्हणतात, नशीबवान आहे तुमची मुलगी. पण तो घरी आला की आधी बायकोचा फोन उघडतो. कोणाचा फोन आला, काय आलं, काय गेलं, सगळं बघतो आणि परत देतो, भाजीची पिशवी बघून द्यावी तसा. लग्नाआधी ती पेणच्या एका दवाखान्यात दोन वर्षं कामाला होती, त्याचा कोर्सही केला होता. लग्नानंतर त्याने काम बंद केलं. आता नातू दहावीला आहे. ती अडतीस वर्षांची झाली. अजून दोन-तीन वर्षं गेली तर मला कोणी घेणार नाय, असं ती म्हणाली. हेही खरं होतं.

"पत्र येईल ते तुझ्या मेलवर. आलं की मला फोन कर. पापड वाळले, एवढंच बोल. बाकी काय बोलू नको."

"आणि जागा मिळाली की त्याला सांगणार कसं?"

"मिळू दे तर आधी. हातात कागद असला की सांगीन."

मी हो म्हटलं. मला वाटलं, फोन बघायचा एवढंच तर काम आहे.

फोन उघडला आणि बघते तर आत शेकडो मेल. कर्ज घ्या, गाद्या घ्या, केस उगवतील, गुडघे बरे होतील, तुम्हाला बक्षिसात मोटार मिळाली आहे. मी गटाच्या बायांना विचारलं तर एक हसली. म्हणाली, "काकी, अलिबागच्या प्रदर्शनात मिक्सरच्या लकी ड्रॉची चिठ्ठी कोनी भरली व्हती?" मीच भरली होती. नाव, नंबर, ईमेल, सगळं ठळक अक्षरात लिहून डब्यात टाकलं होतं. मिक्सर काही लागला नाही. त्या चिठ्ठ्या कोणाकोणाला विकल्या गेल्या असतील ते तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मला काळजी लागली ती एवढीच, की या ढिगात मुलीचं पत्र मला दिसणार कसं? तेव्हा ढीग कमी करायला पाहिजे. आणि ढीग कमी करायचा मला एकच मार्ग माहीत होता.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. हंगामात बाई दारात येते, मला इतके पापड करून द्या म्हणते. तिला तिथल्या तिथे सांगायचं, जमेल किंवा जमणार नाही. बघते, कळवते, असं म्हणून ताटकळत ठेवायचं नाही. कारण ती तुमच्या भरवशावर राहते, दुसरीकडे जात नाही आणि तोवर उन्हाचे दिवस निघून जातात. नाही म्हटलेलं कोणाला लागत नाही, उत्तर न दिलेलं लागतं. चाळीस वर्षं मी असंच केलं. माझ्या दारातून उत्तराशिवाय कोणी गेलं नाही.

म्हणून मी मेलना उत्तरं द्यायला लागले. "नको. पुन्हा पाठवू नका." पहिल्या दिवशी अक्षरं शोधत लिहिलं. दोन दिवसांत फोन शिकला. मी "न" दाबला की तो "नको" पुढे करायचा, ते दाबलं की "पुन्हा", मग "पाठवू", मग "नका". चार बोटं टेकवली की काम झालं. पापडांवर लक्ष ठेवायला बसायचे तेव्हा एका बाजूने हे चालू. मेल इंग्रजीत असला तरी वाचत नव्हते. हॉस्पिटल हा शब्द इंग्रजीत कसा दिसतो ते मुलीने मला कागदावर लिहून दिलं होतं. मेलच्या वरच्या नावात ते दिसतं का बघायचे. दिसलं नाही तर, नको.

मेल कमी झाले नाहीत, वाढले. मी चिकाटीने उत्तरं देत राहिले. मला वाटलं, एकेक जण ऐकतोय, पण नवीन येत आहेत.

अनोळखी फोन मात्र मी घेत नव्हते. फोनवर फसवतात, ओटीपी मागतात, हे आम्हाला गटाच्या सभेत दोनदा सांगितलं होतं. त्या दिवसांत तीनदा एक नंबर येऊन गेला, मी उचलला नाही. स्वतःला शहाणी समजत होते.

मुलगी एक दिवसाआड फोन करायची. "आये, पापड वाळले काय?"

"नाय गो. ओले हायत."

एकदा मागून जावयाचा आवाज आला. "सासूबाईंना सांग, पेणला ऊन पडत नसंल तर पापड निडीला आणून घाला." तो हसत होता. मुलगीही हसली. मला हसू आलं नाही.

मग एके दिवशी एक मेल आला तो चक्क मराठीत. खाली निळ्या अक्षरात होतं, "तुम्हाला आमचे सर्व मेल बंद करायचे असेल तर येथे दाबा." मराठी तशी मोडकी होती, पण मराठी होती. मला हायसं वाटलं, कोणीतरी आपल्यातलं बसलं आहे म्हणून. दाबलं. एक पान उघडलं. त्याने माझा ईमेल विचारला आणि खाली पासवर्ड. तुम्हीच आहात याची खात्री करण्यासाठी, असं लिहिलं होतं.

लोक मला विचारतात, पासवर्ड दिलास कसा? सांगते. कोणी आमच्याकडची ऑर्डर रद्द करायला फोन केला तर आम्ही विचारतो, नाव काय, गाव कुठलं, कोणाच्या घरची? नाहीतर एकीच्या सांगण्यावरून दुसरीचे पापड रद्द होतात. तसं एकदा झालंही आहे, आणि ती दुसरी बाई लग्नघरची होती. तेव्हा बंद करायला सांगणाऱ्याला तू कोण असं विचारणं मला रीतसर वाटलं. मी वही उघडली आणि मागच्या पानावरचा पासवर्ड एकेक अक्षर बघून भरला.

पान म्हणालं, धन्यवाद.

तिसऱ्या दिवशी अलिबागहून आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. बाई मोठ्याने बोलणारी.

"काकी, तुमी मला मेल केलाय, बक्षीस लागलंय म्हणून! इथं दाबा म्हणताय. दाबू?"

"मी नाय केला."

"तुमच्याच नावाचा हाय."

"दाबू नको. मी नाय केला."

मेल उघडायला गेले तर फोन म्हणाला, पुन्हा साइन इन करा. पासवर्ड टाकला. चुकीचा आहे म्हणाला. वहीत बघून परत टाकला. चुकीचा. माझं अक्षर मला कळतं, चूक नव्हती. मग मला काय झालं ते समजलं. काळजी माझ्या मेलची नव्हती. मुलीचं पत्र आता कोणाच्या हातात पडणार, हा विचार आला.

पापड तसेच उन्हात टाकून मी स्टँडवर गेले. फॉर्मवाली बाई चाळिशीची आहे, एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर घेऊन बसते. सातबारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, सगळं करते. चिडकी आहे, पण काम चोख. तिने ऐकून घेतलं आणि आधी माझ्या नंबरवरून खातं परत मिळवायला बसली. चोराने नंबर बदलला नव्हता, म्हणून ते जमलं. नवीन पासवर्ड घातला, दुसरीकडे कुठे खातं उघडं होतं ते बंद केलं, आणि म्हणाली, "आता दुसऱ्या कुठल्या फोनवरून कोणी उघडायला गेलं तर आधी तुमच्या फोनवर विचारेल. तुम्ही उघडत नसाल तर नाही म्हणायचं. इथं नाही म्हणायचं, कळलं?"

मग तिने माझ्या खात्यातून गेलेल्या मेलची यादी उघडली.

"मावशी, हे काय? नको, नको, नको... तुम्ही एवढ्या लोकांना उत्तरं दिलीत?"

"मग? सांगायला नको काय?"

"नाही सांगायचं! हे लाखो पत्ते आंधळेपणाने टाकतात. कोण जिवंत, कोण बंद, त्यांना माहीत नसतं. तुम्ही उत्तर दिलंत की त्यांना कळतं, इथं माणूस आहे आणि वाचतं. मग तो पत्ता ते पुढे आणखी दहा जणांना देतात."

"मग थांबवायचं कसं?"

"ज्या दुकानातून तुम्ही खरंच काही घेतलंय, त्याचा मेल असेल तर मेलच्या डोक्यावर फोन स्वतः दाखवतो, सदस्यत्व रद्द करा म्हणून. ते दाबा. मेलच्या पोटातलं निळं काही दाबायचं नाही. आणि ज्याला ओळखतच नाही, त्याचा मेल उघडायचा नाही, उत्तर द्यायचं नाही. स्पॅम म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तुम्ही घेतलंच नाही ते बंद कसं करणार? आणि मेल थांबवायला पासवर्ड कोणी मागत नाही. कोणीही नाही."

मी ऐकत होते, पण मला आत कुठेतरी ते पटत नव्हतं. कोणी सारखं दारात येतंय आणि आपण आत गप्प बसायचं. माझ्याकडून ते कधी झालेलं नाही. पण ती खरं बोलत होती, कारण माझ्या उत्तरांनी ढीग वाढला होता हे मी स्वतः बघितलं होतं.

ती यादी खाली सरकवत होती. एका ठिकाणी थांबली. "हे कोण? रोह्याच्या हॉस्पिटलातल्या जागेबद्दल आहे."

"काय हाय?" मी उठून उभी राहिले.

तिने मला वाचून दाखवलं. हॉस्पिटलने माणसं घ्यायचं काम एका एजन्सीला दिलं होतं, मेल त्या एजन्सीच्या नावाने होता. म्हणून मुलीने लिहून दिलेला शब्द वर नव्हता, आत होता. माझ्या मुलीला मुलाखतीला बोलावलं होतं, सोमवारी सकाळी. येणार की नाही ते या मेलला उत्तर देऊन कळवा, असं शेवटी होतं.

त्याच्या खाली माझं उत्तर होतं. नको. पुन्हा पाठवू नका.

मी गाळ्यात बसले होते तो दिवस बुधवार होता, सोमवार उलटून गेला होता.

मग मी फॉर्मवालीला तो तीनदा आलेला नंबर दाखवला. तो त्या मेलच्या खाली दिलेलाच होता.

मी घरी गेले नाही. पापड शेजारणीला फोन करून उचलायला सांगितले आणि रोह्याकडे जाणारी गाडी पकडली. नागोठण्यापर्यंत मी मुलीला काय सांगायचं ते ठरवत होते. चोराने मेल पळवला, असं सांगता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता, कारण अर्धं खरं होतं. पण मग हॉस्पिटलात गेल्यावर तिला ते माझं उत्तर दुसऱ्याच्या हातात दिसलं असतं. निडीला उतरले.

जावई पहिल्या शिफ्टला होता. मुलगी तांदूळ निवडत होती. मला बघून तिचं तोंड उजळलं. "वाळले?" असं हळूच म्हणाली, घरात कोणी नसताना.

"पत्र आलं व्हतं. मी नको म्हणून लिवलं. सगळ्यांना लिवत व्हते, त्यात गेलं. सोमवारी मुलाखत व्हती."

तिने तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला एक फोन करायचास. एक. वाचता नाय आलं तर कोणाला तरी दाखवायचास. मी दहा वेळा विचारलं तुला, तू बोललीस ओले हायत."

"व्हय."

"व्हय काय?"

"चुकलं माझं. दुसरं काय बोलू?"

"तुला बोलायची एवढी घाई कशाला असते गो? सगळ्यांना तोंडावर सांगायचं. आयुष्यभर तेच. माझ्या लग्नात पण माझ्या वतीने तूच व्हय बोललीस."

हे तिने आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिने साडी बदलली, कुलूप घातलं आणि आम्ही रिक्षाने रोह्याला गेलो. हॉस्पिटलच्या ऑफिसात त्या एजन्सीची एक चष्मेवाली बाई बसली होती. तिने कॉम्प्युटरवर शोधलं आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"हे तुमचंच उत्तर ना, ताई? पुन्हा पाठवू नका, असं स्पष्ट लिहिलंय. तरी आम्ही फोन केले. कोणी उचलले नाहीत."

"ते मी लिवलंय," मी म्हटलं. "मी तिची आई. तिला यातलं काय ठाऊक नाय. तिने नाय म्हटलेलं नाय."

"आजी, मला समजतंय. पण जागा भरली. कालपासून बाई कामावर आली."

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, दुसरी जागा कधी निघेल? बाई म्हणाली, पावसाळ्यात पेशंट वाढतात, तेव्हा दोघी लागतील बहुतेक, नक्की सांगत नाही. नाव ठेवते. मग तिने पेन उचललं. "पण आता नंबर आणि मेल तुमचा स्वतःचा द्या. आईचा नको."

मुलगी थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही. तो मेल संध्याकाळी कोण उघडणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि त्या बाईला ठाऊक नव्हतं. पंखा फिरत होता. मागे एक माणूस बिल घेऊन उभा होता, तो म्हणाला, मॅडम, जरा लवकर.

मुलीने स्वतःचा ईमेल सांगितला. एकेक अक्षर, सावकाश. मग नंबर. बाईने लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी येते घरी. त्याच्याशी मी बोलते."

"नको," ती म्हणाली. "तू जा पेणला."

परतीच्या गाडीत आम्ही एकाच बाकावर होतो. निडीला ती उतरली आणि मागे न बघता चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तिने त्याला सगळं सांगितलं होतं. अर्ज, माझा मेल, मुलाखत, सगळं. आणि फोनचा पासवर्ड बदलला होता, तेही सांगून.

"काय बोलला?"

"काय नाय बोलला. जेवला नाय."

"मग?"

"मग मी जेवले."

तो अजून तिच्याशी धड बोलत नाही. मुलाच्या मार्फत बोलतो. माझ्याशी तर अजिबातच नाही. अक्षय तृतीयेला मी गेले तेव्हा तो शिफ्ट नसताना बाहेर जाऊन बसला. फोन मात्र तिच्याकडेच असतो, ती तो कमरेला खोचून काम करते. मुलगीही माझ्याशी पहिल्यासारखी नाही. विचारते ते दोन शब्दांत, ऐकते ते दोन शब्दांत. पाऊस सुरू झाला. पापडाचा हंगाम संपला. हॉस्पिटलचा मेल आलेला नाही.

माझा पासवर्ड मी वहीतून फाडून टाकला आणि पाठ केला. हॉस्पिटलवाल्यांकडे माझा पत्ताही जुन्या फॉर्मवर आहे, चुकून त्यावर पाठवतील, म्हणून मी रोज बघते. स्पॅममध्येही दोन दिवसांनी डोकावते, कामाचंही कधी तिथे पडतं असं फॉर्मवालीने सांगितलं आहे. काही दाबत नाही. उत्तर देत नाही. बोट शिवशिवतं, पण देत नाही. आधीपेक्षा थोडे कमी येतात.

काल एक इंग्रजी मेल आला. वरच्या नावातला पहिला शब्द मला लागेना. पुसायला गेले आणि थांबले. मुलीला फोन लावला आणि मेल न उघडता, वर दिसत होती तेवढी अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. एकोणीस होती. ती मधे एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली,

"आये, गाद्यांची जाहिरात हाय."

"बरं," मी म्हटलं. "टाकते स्पॅममध्ये."

"टाक," ती म्हणाली, आणि फोन लगेच ठेवला नाही.